तेल खाणारे जिवाणू: सांडलेले तेल ते कसे साफ करतात आणि कुठे हात टेकतात?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पावसाची पहिली सर येऊन गेली की रस्त्यावरच्या डबक्यांत इंद्रधनुष्य दिसू लागते. निळा, जांभळा, पिवळसर असा तो तवंग तेलाचा असतो. गॅरेजमध्ये बदललेले इंजिन ऑइल, लेथ मशीनवरचे कटिंग ऑइल, ग्रीस, डबा भरताना सांडलेले डिझेल, यातले थोडे पाण्याबरोबर गटारात जाते, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून पंचगंगेत. बाकीचे तिथेच मातीत मुरते.

मातीत मुरलेल्या या तेलाचे पुढे काय होते? सोशल मीडियावर याचे एक सोपे उत्तर फिरत असते: तेल खाणारे बॅक्टेरिया! पावडर टाकली, काही वेळ थांबले आणि तवंग गायब. यातला अर्धा भाग खरा आहे. तेल खाणारे जिवाणू असतात आणि जगभर त्यांचा उपयोगही होतो. मात्र ते जादूची पावडर नाहीत. ते सजीव आहेत. त्यांना हवा लागते, ओलावा लागतो, नायट्रोजन-फॉस्फरसचा खुराक लागतो आणि भरपूर वेळ लागतो. यातले एक जरी कमी पडले तरी काम थांबते.

या पद्धतीला 'जैवउपचार' किंवा 'बायोरेमेडिएशन' म्हणतात. ती कशी चालते, मुंबईच्या किनाऱ्यावर ती कशी वापरली गेली आणि कोल्हापूरच्या मातीत तिचा कितपत उपयोग होऊ शकतो, हे समजून घेऊया.

थोडक्यात सांगायचे तर

• माती आणि पाण्यातले काही जिवाणू व बुरशी तेलातल्या कार्बनवर जगतात आणि त्याचे शेवटी पाणी व कार्बन डायऑक्साइड करतात.
• सांडलेले तेल आधी यंत्राने किंवा हाताने उचलावे लागते. जिवाणूंचे काम असते ते मागे उरलेल्या तेलावर.
• उघड्या, भुसभुशीत मातीत हे काम चांगले चालते. खोल पुरलेल्या मातीत आणि हवा नसलेल्या पाण्यात ते जवळजवळ थांबते.
• तेलातले शिसे, जस्त यांसारखे धातू जिवाणू नष्ट करू शकत नाहीत.

तेल हे खाणे कसे?

खनिज तेल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजनपासून बनलेल्या शेकडो, हजारो निरनिराळ्या रेणूंचे मिश्रण. या रेणूंना हायड्रोकार्बन म्हणतात. आपण खातो त्या शेंगदाण्याच्या तेलातही कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्याच असतात आणि आपले शरीर त्या तोडून ऊर्जा मिळवते. डिझेल किंवा इंजिन ऑइलमधल्या साखळ्या तोडणे आपल्या शरीराला जमत नाही. काही जिवाणूंना मात्र ते जमते.

हे जिवाणू कुठल्या प्रयोगशाळेत जन्मलेले नाहीत. पृथ्वीच्या पोटातून समुद्रतळाशी तेल झिरपणे लाखो वर्षांपासून चालू आहे. झाडांची पानेही मेणासारखे हायड्रोकार्बन बनवतात. त्यामुळे हे 'अन्न' खाणारे जीव निसर्गात आधीपासूनच आहेत. स्यूडोमोनास, रोडोकॉकस, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, बॅसिलस ही त्यांतली काही नावे. समुद्रात अल्कॅनिव्होरॅक्स नावाचा जिवाणू आढळतो. त्याच्या नावाचाच अर्थ 'अल्केन फस्त करणारा' असा आहे.

स्वच्छ मातीत अशा जिवाणूंचे प्रमाण फार कमी, शंभरात एकाहूनही कमी असते. पण त्याच मातीत तेल सांडले की चित्र पालटते. ज्यांना तेल पचत नाही ते मागे पडतात आणि ज्यांना पचते त्यांची संख्या झपाट्याने वाढते. म्हणूनच जुन्या गॅरेजच्या अंगणातली काळी पडलेली माती हे अशा जिवाणूंचे नमुने गोळा करण्याचे चांगले ठिकाण ठरते.

जिवाणू तेल खातात म्हणजे नेमके काय करतात?

पहिली अडचण अशी की तेल पाण्यात मिसळत नाही आणि जिवाणू राहतात ओलाव्यात. त्यावर अनेक जिवाणूंकडे तोड आहे. ते साबणासारखा पदार्थ तयार करून बाहेर सोडतात. त्याला 'जैवपृष्ठक्रियाकारी' असे बोजड नाव आहे, पण काम भांडी घासायच्या साबणाचेच. तेलाचा मोठा थेंब फुटून बारीक थेंब होतात आणि जिवाणूंना चिकटायला जास्त जागा मिळते.

दुसरी पायरी रासायनिक. जिवाणूंची विकरे, म्हणजे एन्झाइम, हवेतला ऑक्सिजन घेऊन तो तेलाच्या साखळीला जोडतात. साखळीचे आधी अल्कोहोल, मग अल्डिहाइड आणि मग मेदाम्ल होते. मेदाम्ल झाले की पुढचे काम सोपे, कारण मेदाम्ले तोडण्याची व्यवस्था बहुतेक सजीवांकडे असते. शेवटी उरते पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि वाढलेली जिवाणूंची संख्या. अन्न संपले की तीही घटते.

मात्र सगळे तेल सारख्या वेगाने खाल्ले जात नाही. सरळ साखळीचे रेणू आधी संपतात, फांद्या असलेले नंतर. अनेक वलये जोडलेले रेणू खूप हळू तुटतात आणि डांबरासारखा जड भाग जवळजवळ तसाच राहतो. पेट्रोलचा तर बराचसा भाग जिवाणू पोहोचण्याआधीच उडून जातो. म्हणून डिझेल सांडलेली माती तुलनेने लवकर सुधारते आणि जळके इंजिन ऑइल मुरलेली माती जास्त काळ छळते.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वाहून येणारे डांबराचे गोळे हे याचे डोळ्यांनी दिसणारे उदाहरण. समुद्रात सांडलेल्या तेलाचा हलका भाग उडतो, काही जिवाणू खातात आणि मागे राहतो तो चिकट, काळा गोळा. त्याच्या आत ना हवा जाते, ना जिवाणू. जे काय खाल्ले जाते ते वरच्या पृष्ठभागावरच.

सारा खेळ हवेचा

दूध विरजताना विरजण कितीही चांगले असले तरी थंडीत ते नीट लागत नाही. तेल खाणाऱ्या जिवाणूंचेही तसेच आहे. नुसते जिवाणू टाकून भागत नाही, त्यांना मानवेल अशी परिस्थिती लागते आणि त्यात पहिला क्रमांक हवेचा.

एक साधा हिशेब करून पाहू. १ ग्रॅम तेल पूर्णपणे पचवायला साधारण ३.४ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. १ लिटर इंजिन ऑइलचे वजन सुमारे ८५० ग्रॅम धरले, तर ते पचवायला जवळपास २.९ किलो ऑक्सिजन हवा. २५ अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यात एका लिटरमागे फक्त ८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळलेला असतो. म्हणजे १ लिटर तेल पचवायला साडेतीन लाख लिटरहून अधिक पाण्यातला सगळा ऑक्सिजन खर्ची पडेल. दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत सांगायचे तर ३६ टँकर.

तोच २.९ किलो ऑक्सिजन साध्या हवेत मात्र ११ घनमीटरच्या आसपास, म्हणजे एका छोट्या खोलीत मिळतो. पाण्यापेक्षा हवेत ऑक्सिजन सुमारे तीसपटींनी जास्त असतो.

या एका फरकातून दोन गोष्टी कळतात. पहिली, तेलाने खराब झालेली माती उकरून, मोकळी करून ठेवली तर जिवाणूंना काम करायला वाव मिळतो. दुसरी, उन्हाळ्यात पाणी आटलेल्या आणि सांडपाण्याने आधीच ऑक्सिजन कमी झालेल्या नदीकडून तेल पचवण्याची अपेक्षा ठेवणे चूक आहे. पंचगंगेत मासे मेल्याच्या बातम्या कोल्हापूरकरांना नव्या नाहीत. जिथे माशांना पुरेल इतका ऑक्सिजन नाही, तिथे तेल खाणाऱ्या जिवाणूंना तो कुठून मिळणार? हवेशिवाय तेल तोडणारे काही जिवाणूही असतात, पण त्यांचे काम अतिशय संथ असते.

ओलावा, तापमान आणि खुराक

हवेपाठोपाठ ओलावा. माती वाफशावर असावी, कोरडी ठणठणीत नको आणि चिखलही नको. चिखलात पाणी हवेची जागा घेते. तापमान साधारण १० ते ४५ अंशांच्या दरम्यान चालते. त्या बाबतीत कोल्हापूरचे हवामान सोयीचे आहे. मातीचा सामू म्हणजे पीएच ६ ते ८ च्या दरम्यान असावा लागतो.

मग येतो खुराक. तेलात कार्बन भरपूर असतो, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळजवळ नसतात. त्यांच्याशिवाय जिवाणूंची वाढ होत नाही. नुसत्या तुपावर पैलवान घडत नाही, तसेच हे. कार्बन १०० भाग असेल तर नायट्रोजन १० भाग आणि फॉस्फरस १ भाग, हे प्रमाण सर्वसाधारणपणे धरतात. १ किलो तेलात सुमारे ८५० ग्रॅम कार्बन असतो. त्यासाठी ८५ ग्रॅम नायट्रोजन लागेल, म्हणजे युरियाच्या हिशेबाने सुमारे १८५ ग्रॅम. प्रत्यक्षात मातीची तपासणी करून, तिच्यात आधीच किती आहे ते पाहून, हे खत हप्त्याहप्त्याने देतात. एकदम जास्त युरिया टाकला तर जिवाणूंनाच अपाय होतो आणि उरलेला विहिरीच्या पाण्यात उतरतो.

न्यायालयात पोहोचलेला जिवाणू

तेल खाणाऱ्या जिवाणूंना जगभर प्रसिद्धी मिळवून दिली ती एका भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने. आनंद मोहन चक्रवर्ती हे मूळचे पश्चिम बंगालचे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करताना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्यूडोमोनास जिवाणूचा एक नवा वाण तयार केला. तेलाचे वेगवेगळे घटक तोडण्याची क्षमता वेगवेगळ्या जिवाणूंत असते. ती क्षमता ज्यांत साठवलेली असते असे डीएनएचे छोटे गोल तुकडे, म्हणजे प्लाझ्मिड, त्यांनी एकाच जिवाणूत आणले.

कंपनीने पेटंट मागितले. सजीवाला पेटंट देता येत नाही, असे पेटंट कार्यालयाने सांगितले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १६ जून १९८० रोजी ५ विरुद्ध ४ अशा मताने निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. जैवतंत्रज्ञान उद्योगाच्या इतिहासातला हा फार मोठा निकाल मानला जातो.

गंमत अशी की हा जिवाणू समुद्रातल्या तेलगळतीवर कधीच वापरला गेला नाही. जनुकीय बदल केलेला जीव उघड्यावर सोडण्याची भीती हे त्यामागचे एक मोठे कारण. आज जगभर तेल साफ करायला वापरतात ते नैसर्गिक जिवाणूच असतात. त्यामुळे 'हे जिवाणू प्रयोगशाळेतून सुटून सगळे पेट्रोल खाऊन टाकतील' अशी भीती घालणाऱ्या पोस्टवर विश्वास ठेवायचे कारण नाही. बंद टाकीतल्या पेट्रोलमध्ये ना पुरेशी हवा असते, ना ओलावा, ना खुराक.

मुंबई, ७ ऑगस्ट २०१०

महाराष्ट्रात या तंत्राची कसोटी लागली ती मुंबईच्या समुद्रात. ७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी न्हावाशेवा बंदरातून बाहेर पडणारे 'एमएससी चित्रा' आणि मुंबई बंदराकडे येणारे 'खलिजिया-३' ही दोन मालवाहू जहाजे एकमेकांवर आदळली. चित्रा एका बाजूला कलंडले. त्यावरचे शेकडो कंटेनर समुद्रात पडले आणि सुमारे ८०० टन इंधन तेल पाण्यात गेले. तरंगणाऱ्या कंटेनरमुळे दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. ऐन पावसाळ्यात तेल उरण, अलिबाग, घारापुरी आणि खाडीतल्या कांदळवनांपर्यंत पसरले. मासे खावेत की नाही या शंकेने बाजार मंदावला आणि कोळी बांधवांचे नुकसान झाले.

अशा वेळी पहिले काम गळती थांबवण्याचे आणि पसरलेले तेल आवरण्याचे असते. तटरक्षक दलाने जहाजे आणि विमानांतून तवंग फोडणारी रसायने फवारली. किनाऱ्यावर मजुरांनी तेलकट वाळू फावड्यांनी गोळा केली. त्यानंतर प्रश्न उरतो तो वाळूला, दगडांना आणि गाळाला चिकटून राहिलेल्या तेलाचा. कांदळवनात तर तो आणखी अवघड. तिवराची मुळे चिखलातून वर येऊन श्वास घेतात. त्यांवर तेल बसले की झाड गुदमरते आणि तिथे यंत्र घातले तर मुळेच तुटतात.

या उरलेल्या तेलासाठी मुंबईच्या किनाऱ्यावर 'ऑइलझॅपर' नावाचे जिवाणूंचे मिश्रण वापरण्यात आले. ते दिल्लीच्या 'टेरी' या संशोधन संस्थेने केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने विकसित केले आहे. डॉ. बनवारी लाल यांच्या नेतृत्वाखालील गटाचे हे काम. यात पाच जातींचे जिवाणू एकत्र असतात, कारण तेलाचे सगळे घटक एका जातीला तोडता येत नाहीत. कुणी सरळ साखळ्या तोडतो, कुणी वलये, कुणी जड भाग. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाच्या भुग्यावर हे जिवाणू बसवतात आणि पिशव्यांत भरून जागेवर नेतात. पिशवीत ते साधारण तीन महिने टिकतात.

या तंत्राचा मुख्य वापर मात्र समुद्रात नसून तेलशुद्धीकरण कारखाने आणि तेलविहिरींजवळच्या गाळावर होतो. तिथे टाक्यांच्या तळाशी साचलेला तेलकट गाळ वर्षानुवर्षे खड्ड्यांत पडून असायचा. २००७ मध्ये ओएनजीसी आणि टेरी यांनी यासाठी एक संयुक्त कंपनीच स्थापन केली. तेलकट गाळ म्हणजे एका जागी असलेला, मोजता येणारा आणि उकरता येणारा कचरा. जिवाणूंना असेच काम मानवते.

अलास्काने शिकवलेला धडा

२४ मार्च १९८९ रोजी अमेरिकेच्या अलास्कात 'एक्झॉन व्हाल्डेझ' हे टँकर खडकावर आदळले आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात गेले. तिथल्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी बाहेरचे जिवाणू आणण्याऐवजी खत फवारले. तिथल्याच जिवाणूंना नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळाले आणि तेल तुटण्याचा वेग दुपटीहून जास्त झाला.

पण कहाणी तिथे संपली नाही. दहा-बारा वर्षांनी आणि त्यानंतरही संशोधकांनी त्याच किनाऱ्यावरची वाळू-खडी उकरली, तेव्हा खाली तेल जवळजवळ जसेच्या तसे सापडले. वरच्या थरातले तेल संपले होते. खालच्या थरात हवा आणि खुराक पोहोचत नव्हता, म्हणून तिथले राहिले. तेल खाणारे जिवाणू असूनही त्यांना काही करता आले नाही.

तेलाने खराब झालेली माती 'पुरून टाकूया' असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. पुरलेले तेल नजरेआड होते, पण जिवाणूंच्याही आवाक्याबाहेर जाते.

मातीवर हा उपचार प्रत्यक्षात कसा करतात?

सर्वांत सोपी पद्धत शेतीसारखीच आहे आणि इंग्रजीतून तिचे नावही 'लँडफार्मिंग' असेच आले आहे.

१. आधी तपासणी. मातीत तेल किती, धातू किती, सामू किती आणि पाणी किती खोलीवर आहे हे पाहतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार तेलाचे प्रमाण ५०,००० पीपीएम, म्हणजे वजनाने ५ टक्क्यांहून जास्त असेल, तर ते जिवाणूंनाही सोसवत नाही. तेव्हा तेल आधी काढावे लागते किंवा चांगली माती मिसळून प्रमाण खाली आणावे लागते.

२. खाली जाड प्लास्टिकचा थर किंवा घट्ट चिकणमातीचा तळ करतात. भोवती बांध घालतात. पावसाचे पाणी तेल घेऊन बाहेर जाऊ नये यासाठी हे आवश्यक असते.

३. माती साधारण एक फुटापर्यंतच्या थरात पसरतात.

४. माती भारी, काळी असेल तर ती मोकळी राहावी म्हणून भुसा, पेंढा किंवा उसाचे चिपाड मिसळतात. तेलकट मातीत उसाच्या चिपाडाचा असा वापर अनेक संशोधकांनी करून पाहिला आहे. कोल्हापूर जिल्ह्यात तर त्याची वानवा नाही.

५. खत देतात, पाणी शिंपडतात आणि गरज असेल तर जिवाणूंचे मिश्रण टाकतात.

६. ठरावीक दिवसांनी माती नांगरतात किंवा उलथतात आणि नमुने तपासतात. तेलाचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेखाली येईपर्यंत हे चालू राहते.

याला काही महिने लागतात, कधी एक-दोन वर्षेही. जागा कमी असेल तर मातीचा ढीग करून त्यात नळ्यांनी हवा सोडतात. माती उकरता येत नसेल, समजा वर इमारत आहे, तर जमिनीत बोअर घेऊन खालच्या मातीत हवा सोडतात. तत्त्व एकच: जिवाणूंपर्यंत श्वास पोहोचवायचा.

जिवाणूंना काय जमत नाही?

धातू: वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये झिजलेल्या भागांचे धातू आणि जस्तासारखी मिसळलेली द्रव्ये असतात. जिवाणू तेल संपवतील, पण धातू मातीतच राहतील. त्यांचे रूप बदलू शकते, ते नाहीसे होत नाहीत.

जाड तवंग: पाण्यावर किंवा विहिरीत तेलाचा जाड थर असेल तर तो आधी काढावाच लागतो. जिवाणू थराच्या कडेलाच काम करू शकतात.

वाहते पाणी: वाहत्या नाल्यात टाकलेली पावडर पाण्याबरोबर पुढे जाते. जिथे तिचे काम आहे तिथे ती थांबतच नाही.

तातडी: मुंबईसारखी गळती झाल्यावर पहिल्या काही तासांत जिवाणूंचा उपयोग नसतो. ते शेवटी येणारे कामगार आहेत.

म्हणूनच एखादी कंपनी किंवा व्हिडिओ 'चोवीस तासांत तेल गायब' असे सांगत असेल तर एक प्रश्न विचारावा: तेल खाल्ले गेले, की नुसते फुटून पाण्यात मिसळले? साबण टाकला तरी तवंग दिसेनासा होतो. तेल मात्र तिथेच असते. उत्तर डोळ्यांनी मिळत नाही. त्यासाठी आधीचे आणि नंतरचे नमुने प्रयोगशाळेत तपासावे लागतात.

कोल्हापूरने काय करावे?

प्रदूषण जिवाणूंकडून तोडून घेण्याची कल्पना कोल्हापूरला परकी नाही. शिवाजी विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात डॉ. संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कापड उद्योगातले रंग जिवाणू व वनस्पतींच्या साहाय्याने तोडण्यावर वर्षानुवर्षे संशोधन केले आहे. जवळच इचलकरंजीसारखे कापडाचे मोठे केंद्र असल्यामुळे हा विषय इथल्या नदीशी थेट जोडलेला आहे. रंग आणि तेल हे वेगळे पदार्थ, पण प्रश्न तोच: योग्य जिवाणू, योग्य परिस्थिती आणि पुरेसा वेळ.

नाल्यांत जिवाणूंची द्रावणे सोडण्याचे प्रयोग देशभर अनेक शहरांत झाले आहेत. सांडपाणी प्रक्रिया केंद्रे पूर्ण होईपर्यंतचा तात्पुरता उपाय म्हणून राष्ट्रीय हरित लवादानेही नाल्यांवर जागेवरच उपचार करायला सांगितले होते. तो उपाय मुख्यतः मैलापाण्यासाठी आहे. त्याच्या भरवशावर गटारात तेल ओतणे योग्य नाही. उलट, सांडपाणी प्रक्रिया केंद्रातही काम जिवाणूच करतात आणि तिथे पोहोचलेले तेल त्यांच्यावर थर धरून त्यांची हवा तोडते. म्हणजे गटारात ओतलेले तेल नदी साफ करणाऱ्या जिवाणूंचाच गळा आवळते.

उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथे तेलाचा वापर रोजचा आहे. तिथे सर्वांत स्वस्त उपाय तेल जमिनीवर पडण्याआधीचा आहे:

• वापरलेले तेल कायद्याने धोकादायक कचरा आहे. २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्यायचे असते. त्यापासून पुन्हा वंगणासाठीचे तेल बनवता येते.
• ऑइल बदलताना खाली ट्रे ठेवा. सांडलेच तर त्यावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी वाळू टाकून उचला. पाण्याने धुऊ नका. हा तेलकट भुसाही कचराकुंडीत न टाकता वेगळा साठवा.
• वापरलेले ऑइल धूळ बसवायला अंगणात शिंपडू नका, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासू नका आणि जाळूही नका.
• पूर येण्याची शक्यता असलेल्या भागात तेलाचे डबे पावसाळ्यापूर्वीच उंचावर हलवा. पुराचे पाणी वर्कशॉपमध्ये शिरले तर एका डब्यातले तेल कितीतरी घरांच्या भिंतींवर आणि शेतांत जाऊन बसते.

शेतात किंवा विहिरीजवळ डिझेल सांडले तर?

महामार्गालगतच्या शेतात टँकर उलटणे किंवा पंपाजवळचा डबा कलंडणे, असे कुठेही घडू शकते. अशा वेळी क्रम लक्षात ठेवा. आधी विडी-काडी, मोबाइल, मोटारीचे बटण, म्हणजे ठिणगीचे सगळे मार्ग दूर ठेवा. गळती मोठी असेल तर ११२ वर कळवा. उताराच्या बाजूला मातीचा ताल घालून तेल ओढ्याकडे किंवा विहिरीकडे जाण्यापासून अडवा. पाणी किंवा साबण मारू नका, त्याने तेल आणखी खोल जाते. विहिरीच्या पाण्याला वास येत असेल तर तपासणी होईपर्यंत ते पिणे आणि जनावरांना पाजणे थांबवा. पेट्रोलमधले बेंझिनसारखे काही घटक पाण्यात विरघळतात आणि ते कर्करोगाला कारणीभूत ठरतात. तवंग दिसत नाही म्हणून पाणी चांगले, असे समजू नये.

थोडे डिझेल सांडले असेल तर तेवढी माती काढून बांध घातलेल्या प्लास्टिकवर पसरा, कुजलेले शेणखत मिसळा, ओलावा ठेवा आणि दर आठवड्याला उलथत राहा. पावसापासून झाका. वास जाईपर्यंत तिच्यात काही पेरू नका आणि शेतात परत टाकण्याआधी तपासून घ्या. मोठ्या गळतीत मात्र महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवून तज्ज्ञांकडूनच काम करून घ्यावे.

तेल खाणारे जिवाणू उद्यमनगरच्या मातीत आजही आहेत, कुणी विकत न आणता. डबक्यातल्या इंद्रधनुष्यालाही ते कुरतडत असतात. पण एका लिटरला छत्तीस टँकर पाण्यातला ऑक्सिजन लागतो, हा हिशेब त्यांना टाळता येत नाही. त्यांच्या वाट्याला किती लिटर पाठवायचे, हे मात्र ट्रे खाली ठेवणाऱ्या माणसाच्या हातात आहे.